पाणबुडीच्या गोदीत अणुभट्टी : तिच्या सुरक्षेवर नजर कोण ठेवतं?

'आयएनएस अरिहंत'बद्दलचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. त्यांत क्षेपणास्त्रांवर भर असतो. आज आपण कमी चर्चेतला भाग समजून घेऊ : अशी पाणबुडी ज्या गोदीत बांधली जाते, तिथली अणुसुरक्षा कोण तपासतं, आणि तपासणाऱ्याला 'थांबा' म्हणायचा अधिकार असतो का?

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधा नियम आहे : ज्यानं कोड लिहिला, त्यानंच तो पास करायचा नाही. या लेखातला सगळा वाद याच नियमाभोवती फिरतो.

आधी एक गैरसमज दूर करू

मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'कलवरी' वर्गाच्या सहा पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. त्यांत अणुभट्टी नाही. भारताच्या अणुपाणबुड्या विशाखापट्टणमच्या शिप बिल्डिंग सेंटरमध्ये तयार होतात. 'अरिहंत'चं जलावतरण २६ जुलै २००९ रोजी झालं. दुसरी पाणबुडी 'अरिघात' २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात दाखल झाली.

पण महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. 'अरिहंत'ची अणुभट्टी मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बीएआरसीने विकसित केली. त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. आणि विशाखापट्टणममध्ये आधुनिक जहाजबांधणी आणली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांच्या सिंदिया कंपनीच्या गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली. तीच आजची हिंदुस्थान शिपयार्ड.

गोदीत नेमका धोका कशाचा?

अणुपाणबुडी म्हटलं की आपल्याला खोल समुद्रातला अपघात आठवतो. पण गोदीतले काही टप्पे जास्त नाजूक असतात.

१. इंधन भरणं. नवीन युरेनियम इंधन तुलनेने कमी किरणोत्सारी असतं. भीती वेगळीच असते : नियंत्रण दांडे चुकून वर आले, तर साखळी प्रक्रिया नको तेव्हा सुरू होऊ शकते.

२. क्रिटिकल होणं. म्हणजे साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहणं. 'अरिहंत'ची अणुभट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी क्रिटिकल झाली. पाणबुडी सागरी चाचण्यांसाठी बाहेर पडली डिसेंबर २०१४ मध्ये. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ चालू करता येणारी अणुभट्टी लाखो वस्तीच्या शहराच्या बंदरात उभी होती.

३. बंद केल्यानंतरची उष्णता. अणुभट्टी गॅसच्या शेगडीसारखी बटण फिरवून थंड होत नाही. पूर्ण ताकदीने बराच काळ चाललेली अणुभट्टी बंद केल्या क्षणी सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता देत राहते. एका दिवसानंतर ती साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. 'अरिहंत'ची अणुभट्टी ८३ मेगावॉटची असल्याचं सांगितलं जातं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ४०० किलोवॉट, अर्थात २ किलोवॉटचे २०० गिझर एकाच वेळी चालू! ही उष्णता काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. म्हणून गोदीच्या धक्क्यावरची वीज आणि थंड पाणी हासुद्धा सुरक्षेचा भाग असतो.

४. क्रेन, वेल्डिंग, आग. ही कामं सगळ्याच गोद्यांत चालतात. फक्त इथे बाजूला अणुभट्टी असते.

१० ऑगस्ट १९८५ : चाझ्मा खाडी

गोदीत काय होऊ शकतं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण सोव्हिएत संघातलं आहे. व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा खाडीत 'के-४३१' या पाणबुडीत नवीन इंधन भरून झालं होतं. अणुभट्टीचं झाकण नीट बसलं नव्हतं, म्हणून ते क्रेनने पुन्हा उचललं गेलं. झाकण ठरल्यापेक्षा वर गेलं आणि त्याबरोबर नियंत्रण दांडेही उचलले गेले. साखळी प्रक्रिया अनियंत्रित झाली, स्फोट झाला आणि १० जणांचा जीव गेला. इंधन ताजं होतं, त्यामुळे आत साठलेले जास्त काळ टिकणारे किरणोत्सारी पदार्थ कमी होते. जुनं, वापरलेलं इंधन असतं तर परिणाम खूप मोठा झाला असता.

लक्षात घ्या, इथे शत्रू नव्हता, वादळ नव्हतं. एक झाकण आणि एक क्रेन होती. असं काम सुरू व्हायच्या आधी बाहेरच्या माणसाने 'झाकण किती वर जाऊ शकतं, आणि त्याच्या वर जाऊ नये म्हणून काय लावलंय?' हे विचारणं, म्हणजेच नियमन.

जगात कोणत्या पद्धती आहेत?

ब्रिटन : अणुपाणबुड्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या बीएई सिस्टिम्सच्या गोदीत बांधल्या जातात. या गोदीला नागरी नियामकाचा, म्हणजे ऑफिस फॉर न्यूक्लिअर रेग्युलेशनचा परवाना लागतो. परवान्यासोबत ३६ ठरावीक अटी असतात. पाणबुडीतल्या अणुभट्टीसाठी संरक्षण मंत्रालयाचा वेगळा अणुसुरक्षा नियामक आहे. गोदीत दोघांचंही लक्ष असतं. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या इमारतीला मोठी आग लागली. अणुधोका नाही, हे पोलिसांनी लोकांना लगेच सांगितलं.

अमेरिका : 'नेव्हल रिअॅक्टर्स' ही एकच संस्था रचना, देखभाल आणि सुरक्षा बघते. ती नौदल आणि ऊर्जा विभाग यांची संयुक्त संस्था आहे. बाहेरचा नागरी नियामक या अणुभट्ट्यांना परवाना देत नाही. पण प्रमुखाची मुदत ८ वर्षांची ठेवली आहे, म्हणजे जबाबदारी टाळून कुणी पटकन बदली घेऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलिया : अणुपाणबुडी हातात येण्याआधीच २०२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सुरक्षा कायदा आणि नियामक ठरवला. नियामक संरक्षण मंत्र्यांच्याच खात्याखाली येतो, अशी टीका तिथेही झाली.

मग भारतात?

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. तुमच्या गावातल्या सीटी स्कॅन सेंटरला याच मंडळाचा परवाना लागतो आणि तो 'ई-लोरा' पोर्टलवरून मिळतो. किरणोत्साराच्या मर्यादाही मंडळच ठरवतं : कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसासाठी १ मिलिसिव्हर्ट.

पण २००० मध्ये सरकारी आदेशाने बीएआरसीच्या सुविधा एईआरबीच्या कक्षेबाहेर गेल्या. त्यांची तपासणी बीएआरसीची स्वतःची सुरक्षा परिषद करते. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी या स्वातंत्र्याच्या अभावावर उघड टीका केली. २०१२ मध्ये कॅगनेही एईआरबी हे सरकारच्या अधीन मंडळ असल्याचं नोंदवलं. त्याआधी २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक आलं होतं. सामरिक सुविधा त्यातून वगळण्याची मुभा सरकारला होती. ते विधेयक २०१४ मध्ये लोकसभेसोबत रद्द झालं. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने एईआरबीला वैधानिक दर्जा दिला.

म्हणजे सीटी स्कॅन मशीनचा परवाना कुणी दिला, हे आपल्याला कळू शकतं. बंदरातल्या अणुभट्टीला 'ओके' कुणी दिलं, ते सहसा कळत नाही.

गुप्तता हवीच ना?

हवीच. अणुभट्टीची रचना, इंधनाची माहिती, पाणबुडीचा आवाज हे गुप्त राहिलंच पाहिजे. पण 'काय तपासलं' गुप्त ठेवूनही 'कुणी तपासलं' आणि 'त्याला काम थांबवायचा अधिकार आहे का' हे सांगता येतं. ब्रिटनमध्ये बॅरोच्या रहिवाशांना आपत्कालीन योजना वाचता येते आणि त्याने पाणबुडीचं एकही गुपित फुटत नाही.

आतल्या तपासणीचीही बाजू आहे. नौदलाची अणुभट्टी कळणारे तज्ज्ञ मोजकेच, आणि ते बहुतेक आतच असतात. माझ्या मते तज्ज्ञ आतले असले तरी चालेल, पण त्यांची बढती आणि बजेट पाणबुडी वेळेवर देणाऱ्या साहेबाच्या हातात नको. डेडलाइन जवळ आली की टेस्टिंग आधी कापलं जातं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी बातमी वाचताना हे तीन प्रश्न विचारा

- बांधणारा आणि तपासणारा वेगळे आहेत का?
- तपासणाऱ्याला काम थांबवता येतं का?
- काही बिघडलं तर आजूबाजूच्या लोकांनी काय करायचं, हे त्यांना आधी सांगितलंय का?

नवीन अणुपाणबुड्या विशाखापट्टणममध्येच बांधल्या जाणार आहेत. त्यांच्यावर काम करणाऱ्यांत आपल्यातलेच वेल्डर, डिप्लोमावाले आणि इंजिनिअर असतील. क्रेनखाली तेच उभे असणार आहेत.