मिटलेला जबडा : शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या वर्षांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात हजेरी घेताना एक मुलगी "हजर सर" म्हणे, ते दातांच्या फटीतून. ओठ हलत, पण जबडा हलत नसे. मला वाटले, शाळा नवीन आहे, लाजत असेल. पुढे एके दिवशी मधल्या सुट्टीत ती दुधात कुस्करलेली भाकरी बोटाने गालाच्या बाजूने आत सारताना दिसली, तेव्हा उलगडा झाला. तिच्या दातांत करंगळीही शिरत नव्हती. वडिलांना बोलावून विचारले. पाचव्या वर्षी पोर ओट्यावरून हनुवटीवर पडली होती. हनुवटीला तीन टाके पडले, जखम भरली, सर्वजण विसरले. आणि पुढील दोन वर्षांत तोंड हळूहळू मिटत गेले. तेल चोळून झाले, शेक झाला, तावीज झाला. "सर, दातखीळ बसली म्हणतात," वडील म्हणाले, "नशिबाचा भाग आहे."

दातखीळ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो, म्हणून प्रथम तेवढा खुलासा करावयास हवा. धनुर्वातात बसते ती स्नायूंची दातखीळ. या मुलीची दातखीळ हाडांची होती. विद्यार्थी मित्रांनो, कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा व मिटा. बोटाखाली जे सरकते ते खालच्या जबड्याचे टोक होय. हा सांधा दाराच्या बिजागरीप्रमाणे फिरतो आणि त्याच वेळी पुढेही घसरतो. लहान मूल हनुवटीवर आपटले की मार हनुवटीला दिसतो, पण टोक मोडते कानापाशी. सांध्यात रक्त साकळते, मूल दुखते म्हणून तोंड हलवीत नाही, आणि साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड तयार होऊन जबडा कवटीला जुळून जातो. कान वारंवार फुटत असेल तर तो संसर्गही सांध्यात उतरून असेच घडवू शकतो. मग खालचा जबडा वाढत नाही. हनुवटी मागे राहते, दातांना जागा पुरत नाही, ते वेडेवाकडे येतात, घासता येत नाहीत म्हणून किडतात. झोपेत श्वास कोंडतो. भारतासारख्या देशांत हा विकार श्रीमंत देशांपेक्षा अधिक आढळतो, कारण पडलेल्या मुलाच्या जबड्याकडे वेळीच कोणी पाहत नाही.

निखळलेला जबडा बसविण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमधील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात अंगठे तोंडात व बोटे हनुवटीखाली घालून जबडा जागेवर नेण्याची रीत लिहिलेली आहे, आणि आजही डॉक्टर जवळजवळ तसेच करतात. सुश्रुतसंहितेत जबड्याचा सांधा शेकून, बसवून, वर पट्टा बांधावयास सांगितले आहे. कॉर्डोव्हाचा अबुल कासिम अल् जहरावी (इ. स. 936 ते 1013) याने आपल्या तीस भागांच्या 'अत्-तसरीफ' ग्रंथाचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेला दिला. हलणारे दात तारेने शेजारच्या दातांना बांधावेत आणि तार सोन्याची असावी, कारण चांदी काही दिवसांत हिरवी पडते, इतका बारीक तपशील त्यात आहे. आज दातांना तार लावून घेणाऱ्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावयास हरकत नाही, जरी आजच्या तारेचे काम अगदी निराळे आहे.

परंतु जुळून गेलेल्या सांध्यावर या कोणाचाच इलाज नव्हता. ते धाडस एकोणिसाव्या शतकातले. न्यूयॉर्कच्या कार्नोकन याने 1840 साली जबड्याचे हाड कापून मधल्या फटीत चक्क लाकडाचा तुकडा बसविला. 1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये हंफ्री याने सांध्याचे टोकच काढून टाकले, तर जर्मनीत एस्मार्क व इटलीत रिझोली यांनी सांध्याच्या पुढे हाड कापून तेथे खोटा सांधा करण्याचा मार्ग धरला. फ्रान्सच्या व्हेर्नोयने 1860 साली कापलेल्या दोन हाडांमध्ये रोग्याचेच मांस घालण्याची कल्पना मांडली. हे सारे प्रयत्न एकाच अडचणीवर येऊन थांबत. उघडलेले तोंड काही महिन्यांत पुन्हा मिटत असे. हाड कापल्याजागी हाड पुन्हा भरत होते.

दुसरी अडचण होती भूल देण्याची, आणि येथे आपल्या भागाचा संबंध येतो. परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीने मोठे शहर म्हणजे हैदराबाद, मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा. तेथे 1846 साली वैद्यकीय शाळा निघाली आणि सुरुवातीची अनेक वर्षे शिक्षण उर्दूतून दिले गेले. तिचे पुढचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्मचे कट्टर पुरस्कर्ते. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, यावर तेव्हा मोठा वाद होता. लॉरींचे म्हणणे, नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. 1888 व 1889 साली हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नावाने यावर दोनदा प्रयोग झाले. दुसऱ्या वेळी निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाचा तज्ज्ञ बोलाविला, आणि डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले. शेकडो कुत्र्यांवर व माकडांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला.

तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडू शकते, हे 1911 साली लेव्ही याने दाखवून दिले. तरीही मिटलेल्या जबड्याच्या रोग्यापुरते पाहिले तर लॉरींचा अर्धा धडा खराच होता. अशा रोग्याची हनुवटी मागे, श्वासाची वाट आधीच अरुंद. भुलीत जीभ मागे पडली तर ती ओढण्यास तोंड उघडत नाही. म्हणूनच अनेकदा आधी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घालावी लागे. पहिल्या महायुद्धानंतर मॅगिल यांनी नाकातून नळी घालण्याची रीत रूढ केली. 1967 साली लंडनमध्ये डॉ. मर्फी यांनी पित्तनलिका पाहण्याची लवचीक दुर्बीण नाकातून घालून, संधिवाताने सांधे आखडलेल्या एका रोग्याच्या श्वासनलिकेत नळी पोचविली. मिटल्या तोंडाच्या रोग्याला आज भूल देतात ती याच मार्गाने.

हाड पुन्हा भरण्याच्या अडचणीवर 1990 साली अमेरिकेतील केबन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक क्रम घालून दिला. जुळलेले हाड भरपूर काढावे, कानशिलाच्या स्नायूचा पदर मध्ये घालावा, मुलांमध्ये बरगडीचा तुकडा कूर्चेसह बसवून नवे टोक करावे, आणि तोंड लवकरात लवकर हलवावयास लावावे. या क्रमात शेवटची पायरी सर्वांत लांब. शस्त्रक्रिया काही तासांची. तोंडाचा व्यायाम रोज, दिवसातून अनेक वेळा, महिनोन् महिने, निदान वर्षभर. आणि तो डॉक्टर करीत नाही, घर करते.

दातांचे शास्त्र याच सुमारास शेजारून वाढत होते. अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी 1899 साली वाकड्या दातांचे वर्गीकरण केले व 1900 साली या विषयाची पहिली शाळा काढली. आपल्या देशातील पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. अलीगढला शिकून अमेरिकेत दंतवैद्यक पदवी घेतलेल्या या गृहस्थांच्या जन्मदिनी, 24 डिसेंबरला, भारतात दंतवैद्य दिन पाळतात. महाराष्ट्रात मुंबईचे नायर दंत महाविद्यालय 1933 चे, नागपूरचे सरकारी 1968 चे. मराठवाड्याच्या वाट्याला औरंगाबादचे सरकारी दंत महाविद्यालय 1982 साली आले. म्हणजे 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आले त्यानंतरही चौतीस वर्षे या विभागातील रोग्याला हैदराबाद, मुंबई किंवा नागपूर गाठणे भाग होते. दूध-भाकरीवर आयुष्य काढलेली किती माणसे खेड्यापाड्यांत होऊन गेली असतील, त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आमच्या विद्यार्थिनीची शस्त्रक्रिया अकराव्या वर्षी एका सरकारी दवाखान्यात झाली. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची जुडी दिली. या काड्या मागच्या दातांमध्ये एकावर एक रचायच्या, रोज संख्या टिकवायची, जमेल तशी वाढवायची. एक काडी दोन मिलिमीटर धरली तर पस्तीस मिलिमीटर तोंड उघडण्यास सतरा-अठरा काड्या लागतात. घरी आली तेव्हा तिला सोळा जात होत्या. मग कापूस वेचणीचे दिवस आले. आईवडील पहाटे शेतावर जात. काडी लावली की पोर रडे, आजीला दया येई, "राहू दे ग बेटा, उद्या कर." दीड महिन्यात सोळाच्या नऊ झाल्या.

हे मला कळले ते तिने पुन्हा दातांतून बोलण्यास सुरुवात केली तेव्हा. वडिलांना शाळेत बोलावले. मी थोडे रागावलोच, आता त्याचे वाईट वाटते. कारण वेचणी सोडून त्यांनी घर कसे चालवावे, हे मी सांगू शकत नव्हतो. शेवटी ठरले की सकाळी व रात्री घरी, आणि दिवसाचे दोन वेळचे शाळेत. माझ्या टेबलावर एक वही ठेवली. तारीख, वेळ, काड्या. मुलींनी आपणहून पाळी लावून घेतली. कोणी मोजी, कोणी घड्याळ पाही, कोणी तिला हसवी, आणि हसताना एखादी काडी जास्त जाई. नवाच्या बारा होण्यास दोन महिने लागले. सतरा झाल्या तेव्हा आठवी सुरू झाली होती.

दातांची तार त्यानंतर आली. तार दाताला हळूहळू ढकलते, त्यामुळे एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे भरते. हे काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे. दर महिन्याला दवाखान्यात जाऊन तार आवळून घ्यावी लागे; प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी धरून तो दिवस घराला जड जाई. दोन वेळा ते गेले नाहीत, आणि तेवढे उपचार लांबले. तार निघाल्यावर दात पुन्हा मूळ जागेकडे सरकू पाहतात, म्हणून रात्री लावण्याचा साचा मिळाला आहे.

मागे राहिलेल्या हनुवटीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. बरगडीचा तुकडा किती वाढेल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. कधी तो कमी वाढतो, कधी जास्त. सायबेरियातील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव यांनी पायाचे हाड कापून रोज सुमारे एक मिलिमीटर ताणत लांब करण्याची युक्ती शोधली. न्यूयॉर्कचे डॉ. मॅकार्थी यांनी 1992 साली तीच मुलांच्या जबड्यावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. आमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावयास सांगितले आहे.

ती आता अकरावीत आहे. मागील महिन्यात वडिलांबरोबर शाळेत दाखला नेण्यास आली होती. मी वही काढून दाखविली. ती पाने चाळत राहिली, मग पिशवीतून काड्यांची जुडी काढून म्हणाली, "सर, अजून रोज रात्री लावते. काल अठरा गेल्या." वडील बाकावर बसून पुढच्या तारखेची चिठ्ठी वाचत होते. तारीख वेचणीत येत होती. "जाऊ," ते म्हणाले, "दोन दिवस आधी वेचून घेऊ."