२४ नोव्हेंबर : भालाफेकीतून बेसबॉलकडे

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी व्यावसायिक बेसबॉल संघाने २४ नोव्हेंबर २००८ रोजी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना करारबद्ध केल्याचे जाहीर केले. दोघेही उत्तर प्रदेशातले, मूळचे भालाफेकपटू. त्याच वर्षी झालेल्या 'मिलियन डॉलर आर्म' या चेंडूफेकीच्या स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईत झाली. रिंकूने ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून ती जिंकली. तोवर दोघांनी बेसबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. भाला धावत येऊन फेकायचा. बेसबॉलमध्ये मात्र उंचवट्यावर एक पाय उचलून, क्षणभर तोल सांभाळून, १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू सोडायचा. कॅलिफोर्नियात प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्यांना हे शिकवले.

ज्या संघाकडून होनस वॅग्नर आणि रोबेर्तो क्लेमेन्ते यांच्यासारखे दिग्गज खेळले, ज्याने १९०९ ते १९७९ दरम्यान पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे अजिंक्यपद, जिंकली, त्या संघाने नवख्यांवर विश्वास टाकला, हे धाडसच. जुलै २००९ मध्ये कनिष्ठ लीगमध्ये चेंडू फेकणारा म्हणून रिंकूच्या नावावर विजय नोंदला गेला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधला भारतीयाचा तो पहिला विजय. दिनेश पुढे भारतात परतला. मेजर लीग या सर्वोच्च पातळीपर्यंत दोघेही पोचले नाहीत.