बालपण (सामाजिक संकल्पना)

जन्मापासून प्रौढत्वापर्यंतचा, समाजाने हद्द आखून दिलेला आयुष्याचा काळ. ही कल्पना आधुनिक युरोपात घडली, असे फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस याने १९६० मध्ये मांडले. ते मत पुढे वादग्रस्त ठरले. मराठी मुलखात ही हद्द वयापेक्षा मुंज, लग्न, गुरे राखणे यांवरून ठरे (पहा : उपनयन, बालविवाह). कोल्हापूर संस्थानात ही हद्द पुढे कायद्याने बदलली. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. राज्याधिकार मात्र त्यांना १८९४ मध्ये मिळाले. त्यांच्या १९१७ च्या कायद्याने संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड असे. गुरांमागचे पोर त्यामुळे कायद्याच्या लेखी विद्यार्थी बनले. या योजनेतील पहिली शाळा १९१८ मध्ये चिखली येथे निघाली (पहा : शाहू महाराज).