शीआनचे दोन दिवस आणि आपले दोन साक्षीदार

शांघाय, शेनझेन, बीजिंग इथे नोकरीनिमित्त राहणारी आपली बरीच मंडळी सुट्टी बघून शीआनला जाऊन येतात. दोन दिवसांची सहल. एक दिवस मातीच्या सैनिकांचा. दुसऱ्या दिवशी शहराच्या तटावर भाड्याची सायकल, मुस्लिम मोहल्ल्यात खाणे आणि रात्री एका जुन्या मनोऱ्यासमोर रंगीत कारंजी. फोटो आमच्यापर्यंत येतात, आम्हीही कौतुकाने बघतो. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते सैन्य बघण्यासारखे आहेच, त्यावर वाद नाही. पण ते एका मेलेल्या सम्राटाच्या पहाऱ्याला बसवलेले सैन्य आहे. तो सम्राट म्हणजे छिन शी हुआंग, ज्याच्या नावावर इ. स. पूर्व 213 मध्ये ग्रंथ जाळल्याची नोंद आहे. आणि ज्या मनोऱ्यासमोर कारंजी उडतात, तो ग्रंथ सांभाळण्यासाठी बांधलेला आहे. त्याच्या वाट्याला अर्धा तास येतो.

हा मनोरा म्हणजे दायान पॅगोडा. शीआनचे जुने नाव छांगआन, आणि आमच्या दृष्टीने या शहराचे महत्त्व वेगळेच आहे. अस्पृश्यतेच्या इतिहासाचे दोन मोठे साक्षीदार याच शहरातून निघाले. इ. स. 399 मध्ये भिक्खू फाहियान निघाले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, 629 मध्ये, भिक्खू युआन श्वांग निघाले. आपल्या पाठ्यपुस्तकांतले ह्युएन त्सांग ते हेच. सरहद्द ओलांडायला सरकारी बंदी होती, म्हणून ते लपतछपत गेले.

बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ प्रसिद्ध केले. अस्पृश्यता कधी जन्माला आली, हा त्यातला एक मुख्य प्रश्न. ती अनादी आहे हे ब्राह्मणी उत्तर त्यांना मान्य नव्हते, कारण ज्याला सुरुवात नाही त्याला शेवटही नाही असे मानायला ते उत्तर भाग पाडते. तारीख शोधायची तर पुरावा हवा. इथे त्यांनी या दोन भिक्खूंना समोरासमोर उभे केले. फाहियान मध्यदेशाचे वर्णन करताना सांगतात की चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोक बाजूला होतील. युआन श्वांग यांच्या वर्णनात खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे, सफाई करणारे असे अनेक समूह आहेत. त्यांच्या घरांवर खूण असते, त्यांना नगराबाहेर राहावे लागते, आणि आत आले तर रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालावे लागते.

बाबासाहेबांची नजर नेमकी या फरकावर गेली. पहिल्याच्या वर्णनात एकटे चांडाळ, दुसऱ्याच्या वर्णनात चांडाळांखेरीज इतरही. म्हणजे युआन श्वांग येईपर्यंत अस्पृश्यता उभी राहिलेली असणे शक्य आहे. बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्यातल्या संघर्षाशी आणि गोमांसाच्या प्रश्नाशी ती जोडून बाबासाहेबांनी तिचा काळ सुमारे इ. स. 400 असा मांडला. समाजशास्त्राच्या वर्गात पद्धतीचे धडे आम्ही पुष्कळ गिरवले. दोन साक्षींमधल्या फरकातून तारीख काढण्याची ही हातोटी त्या धड्यांत सापडली नाही.

‘परदेशी प्रवाशांवर किती विश्वास ठेवायचा?’ हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. गंमत अशी की हर्षाचे दानशूरत्व, पुलकेशीचा पराक्रम, नालंदेचे वैभव सांगताना हाच प्रवासी चालतो. शाळेत तो आमच्यापुढे आला तो त्याच कौतुकासाठी. नगराबाहेरच्या घरांचा उल्लेख तिथे आम्हाला दिसला नाही. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात नालंदेचे अवशेष ओळखले ते याच वृत्तांताच्या आधाराने. विटांबद्दल खरे बोलणारा माणूस माणसांबद्दल खोटा कसा ठरेल? शिवाय हा मजकूर तक्रारीच्या सुरातला नाही. गावे, गल्ल्या, घरे कशी असतात हे सांगता सांगता तो येऊन जातो. ज्याला या वादात काही मिळवायचे नव्हते, त्याने जाता जाता टिपलेली ही नोंद आहे, आणि म्हणूनच ती वजनदार आहे.

645 मध्ये युआन श्वांग परतले तेव्हा वीस घोड्यांवर 657 ग्रंथ होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी प्रवासवृत्तांत सांगून लिहवून घेतला. ग्रंथांना आगीची भीती, म्हणून 652 मध्ये हा पॅगोडा बांधायला घेतला. त्यांच्या चरित्रात असे आहे की पन्नाशीचे हे आचार्य स्वतः टोपलीतून विटा वाहत होते. नालंदेत शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकलेला पंडित विटा वाहतो! आपल्याकडे ज्यांच्या हाती पोथी होती त्यांच्या डोक्यावर टोपली कधी आली, हे कुणी दाखवून द्यावे.

याचा अर्थ चीनचे गोडवे गावेत असा नाही. 845 मध्ये तिथल्याच सम्राटाने साडेचार हजारांहून जास्त विहार पाडले आणि अडीच लाखांवर भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवायला लावले. तरीही मजकूर टिकला, कारण तो भाषांतरित होऊन गावोगावी पोचलेला होता.

महाराष्ट्राचाही त्यात उल्लेख आहे. सुमारे 641 मध्ये युआन श्वांग इथे आले तेव्हा शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू होते. डोंगरातल्या ज्या विहाराच्या दारी दगडी हत्ती असल्याचे ते सांगतात, ते अजिंठा असल्याचे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातल्या बौद्धाला आपल्या भूमीचा हा हिशेब छांगआनमध्ये जपलेल्या कागदांतून मिळतो.

तेव्हा कुणाचा बेत असेल तर सैनिक उरकून अर्धा दिवस मोकळा ठेवावा. दायानला दक्षिणेच्या दारावर दोन शिलालेख आहेत, ते थांबून बघावेत. वेळ उरला तर शहराच्या दक्षिणेला शिंगज्याओ विहारात जावे. तिथे युआन श्वांग यांच्या अस्थींवर पाच मजली स्तूप आहे आणि दोन बाजूंना त्यांच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप. त्यातला एक शिष्य कोरियाचा होता.