वाऱ्याची दिशा, वेग आणि झोत

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत व पुलिकत सरोवरापासून जवळच गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. एकीकडे सरोवरावर जगणारे कोळी, दुसरीकडे पत्र्यांच्या छपरांचे कारखाने, अशी ही वस्ती. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने या किनाऱ्याला वादळांचे. त्या दिवसांतील हवामानवार्तेत वाऱ्याविषयी तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: दिशा, वेग आणि झोत. ऐकणारा बहुधा वेगाचा आकडा ध्यानात ठेवतो व उरलेल्या दोहोंकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक त्या दोहोंचे महत्त्व मनुष्याला फार मोठे मोल देऊन कळलेले आहे.

वाऱ्याच्या नोंदी ठेवण्याची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासची वेधशाळा १७९२ साली उभारली; मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. परंतु एका ठिकाणच्या नोंदींवरून वादळाचे समग्र रूप कळत नाही. ते उलगडले बंगालच्या उपसागरातील गलबतांच्या रोजनाम्यांवरून. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन याने हे रोजनामे ताडून पाहिले आणि वारा सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे केंद्राभोवती फिरतो, हे ध्यानी घेऊन ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. नाविकांसाठी लिहिलेला त्याचा ग्रंथ १८४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८६४च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर आलेल्या वादळाने हजारो माणसांचा बळी घेतला. तेव्हा कोठे बंदरांना पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

दिशेचे मर्म १८५७ साली बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने एका सोप्या नियमात सांगितले. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की वादळाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला असते. गुम्मिडिपूंडीस उत्तरेचा वारा सुटला, तर केंद्र पूर्वेस, समुद्रात आहे, असे समजावे. तोच वारा ईशान्येकडून पूर्वेकडे वळू लागला, तर वादळ दक्षिणेकडून निघून जात आहे. वायव्येकडून पश्चिमेकडे वळला, तर उत्तरेकडून. मात्र दिशा न बदलता जोर वाढतच राहिला, तर ते थेट गावावर चालून येत आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ वादळाचे केंद्र चेन्नईवरून गेले, तेव्हा मध्येच वारा पडला आणि काही वेळाने विरुद्ध दिशेने पुन्हा उसळला. मधली शांतता म्हणजे वादळाचा शेवट नव्हे, हे दिशा जाणणाऱ्यालाच उमगते.

झोतांची कथा याहून दारुण आहे. १८४६ साली रॉबिन्सन याने बनविलेले फिरत्या वाट्यांचे वायुवेगमापक वाऱ्याची सरासरी उत्तम दाखवी. क्षणिक झोत मात्र त्यात हरवून जात. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी आगगाडी उतारूंसह नदीत गेली. या अपघातानंतर वाऱ्याच्या दाबाचा कसून अभ्यास सुरू झाला. त्यातूनच डाइन्स याचे दाबनलिकेचे यंत्र निर्माण झाले आणि प्रत्येक झोत कागदावर उमटू लागला.

चक्रीवादळाचा वेग सांगताना भारतीय हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी घेते. झोत काही सेकंदांचाच असतो. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० किलोमीटर आणि झोत १२० असतील, तर वेग दीडपट होताच दाब सव्वादोन पट होतो. छपराचा पत्रा उखडावयास तेवढे काही सेकंद पुरेसे होतात.

म्हणून हवामानवार्ता ऐकताना होडी पाण्यात लोटावी की नाही, हे वेगावरून ठरवावे. छप्पर टिकेल की नाही, हे झोतावरून. आणि संकट कोणत्या बाजूस आहे, हे दिशेवरून ओळखावे.