मत आणि स्वभाव : एका प्रश्नावलीचा इतिहास

१९२९ साली फ्रांकफुर्टच्या समाजसंशोधन संस्थेत एरिक फ्रॉम यांनी जर्मन कामगार व नोकरदारांची पाहणी हाती घेतली. २७१ प्रश्नांच्या सुमारे ३,३०० प्रश्नावल्या वाटल्या गेल्या. विश्लेषणासाठी अखेर ५८४ उरल्या. मुलांना न मारता वाढविता येते काय, इतिहासातील थोर व्यक्ती कोणत्या, घर कशाने सजविता, असेही प्रश्न त्यांत होते. फ्रॉम यांनी उत्तरांची केवळ मोजदाद केली नाही. त्यांतील शब्द मनोविश्लेषकाच्या दृष्टीने वाचले. राजकारणाविषयी डाव्या पक्षांची ठरावीक उत्तरे देणारे अनेक जण घरातील सत्तेच्या प्रश्नावर परंपरेच्याच बाजूने उभे असलेले दिसले. मत पक्षाकडून घेता येते. स्वभाव मात्र कुटुंब, श्रम आणि वर्गजीवन यांतून घडतो. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा संघटित कामगारांचा प्रतिकार क्षीण का ठरला, याचे एक कारण या विसंगतीत सापडते. तिचाच तात्त्विक विस्तार १९४१ च्या ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’मधील ‘सामाजिक स्वभाव’ या संकल्पनेत झाला. मूळ पाहणी मात्र १९८० मध्ये, फ्रॉम यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. समीक्षेलाही तिचे मोल आहे : लेखकाची घोषित भूमिका आणि त्याच्या भाषेत मुरलेला स्वभाव यांना एकच मानणे धोक्याचे असते.