मोटरचा घसारा

परवा पहाटे एरंडोलच्या आमच्या घरची विहिरीवरची मोटर बंद पडली. अगदी मुकी झाली म्हणावे, तर तसेही नाही. भजनात शब्द न आठवणाऱ्या माणसासारखी नुसतीच गुणगुणत होती. "नवीच आणा," सौभाग्यवतींनी निकाल दिला. मी पडलो बी. कॉम.! घसारा काढून पाहिला, तर हिशेबात मोटर केव्हाच शून्यावर आलेली.

खानदेशात पूर्वी पाणी निघे मोटेने. मोट फाटली की शिवून घेत. बैल थकले की बसवत. मोडीत कोणी काढत नसे. मग यंत्रे आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये पंप तयार झाला, आणि १९४६ साली किर्लोस्करांचा विजेच्या मोटरींचा कारखाना बंगळूरला निघाला. १९६९ साली १४ बँका सरकारच्या झाल्या, शेतीकर्ज वाढले आणि पंपाचे अर्ज आम्हा कारकुनांच्या टेबलावर येऊन पडले. बैल गेले, अश्वशक्ती आली. पण बैलाचा थकवा दिसायचा, या घोड्याचा दिसत नाही!

मिस्त्री आला. वीज बंद करून त्याने दांडा हाताने फिरवला. सहज फिरला. "साहेब, मोटर ठणठणीत आहे. सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर तेवढा गेलाय." तो बदलला अन् पाणी धो धो!

चाळिशी उलटल्यापासून सकाळी मीही बराच वेळ नुसताच गुणगुणतो. सौभाग्यवतींना सांगून ठेवलंय, "मोडीत काढण्याआधी एकदा कपॅसिटर बघ हो!"